उजेड किती, आणि पडतो कुठे?

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालं, की साखरपा सोडल्यावर आंबा घाट लागतो. आषाढातल्या रात्री तिथं धुकं उतरतं आणि गाडीचे दिवे हाच काय तो आधार उरतो. मग कुणीतरी सांगतंच, ‘दिवे जरा जोरदार बसवून घ्या.’ सल्ला चुकीचा नाही. पण मोटारीच्या दिव्यांचा इतिहास त्यात थोडी भर घालतो.

सुरुवातीच्या मोटारींना रॉकेलचे किंवा कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडवर पाणी ठिबकलं की ॲसिटिलीन वायू तयार होई आणि तो जळून पांढरा उजेड देई. १९१२ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले. काडी ओढून दिवे लावायचे दिवस सरत चालले.

उजेड वाढला तशी समोरून येणाऱ्याची दृष्टी दिपू लागली. त्यावर १९२०च्या दशकात जर्मनीत तोड निघाली: एकाच बल्बमध्ये दोन तारा. एक लांबच्या झोतासाठी, दुसरी जवळच्या. जवळच्या झोताच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती वर उसळणारा उजेड अडवते. आपल्या ट्रकांच्या पाठीवर ज्या डिपरची विनवणी रंगवलेली दिसते, तो हाच. पुढे १९५७च्या सुमारास युरोपात झोत रस्त्याच्या आपल्या कडेला थोडा लांब आणि समोरच्याच्या बाजूला आखूड ठेवण्याची पद्धत आली.

१९६२ साली हॅलोजन बल्ब आला आणि १९७१ साली दोन तारांचा एच-४. त्याची प्रमाणित ताकद ६०/५५ वॅट. बाजारात मात्र १००/९० वॅटचे बल्बही मिळू लागले. हिशेब सोपा आहे. बारा व्होल्टवर साठ वॅटचे दोन दिवे दहा अँपिअर ओढतात, शंभर वॅटचे जवळजवळ सतरा. जुन्या वायरी तापतात, होल्डर वितळतो. म्हणून जाणते वायरमन आधी रिले आणि जाड वायर टाकतात. पुष्कळदा एवढ्यानंच मूळचा बल्ब उजळतो, कारण बल्बपाशी व्होल्टेज दहा टक्के कमी पोचलं, तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत अर्थिंगचे जोड गंजतात, तेही पाहायला हवेत.

आता एलईडीचा जमाना आहे. पण हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडी बल्ब खोचला, तर प्रकाश जिथं एकवटायला हवा तिथं न पडता विखुरण्याचा धोका असतो. धुक्यात तर लांबचा झोत पांढरा पडदा होऊन आपल्याच डोळ्यांवर परततो.

तेव्हा दिवे जरूर सुधारा. काच पुसा, वायर तपासा, झोताची उंची लावून घ्या. घाटातल्या वळणावर समोरच्या ड्रायव्हरला रस्ता दिसला नाही, तर तो आपल्याच अंगावर येणार आहे. शंभर वर्षं कारागिरांनी जी खटपट केली, ती या दोघांनाही दिसावं म्हणून.