करदात्यांचा आवाज

१८७१ सालीं मुंबईचे करदाते खवळून उठले होते. १८६५ च्या कायद्यानें नगराचा कारभार 'जस्टिस ऑफ दि पीस' या सरकारनियुक्त मंडळींकडे सोंपविलेला होता. परंतु अंमलबजावणीची सारी सत्ता म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हातीं होती. क्रॉफर्ड कर्तबगार होते. १८६९ सालीं पुरी झालेली भव्य मंडई त्यांच्याच कारकीर्दींतली. पण खर्च उत्पन्नाच्या पुढें धांवूं लागला, आणि ज्यांच्या खिशांतून तो पैसा जात होता, त्यांना जाब विचारण्यास जागाच नव्हती.

नवरोजी फर्दुनजींसारखे पुढारी सरसावले. लोकांचा सारा रोष क्रॉफर्ड यांच्यावर होता. अशा वेळीं नोव्हेंबरांत, फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें, २६ वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनीं एक निबंध वाचला. दोष व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे; अधिकारी समर्थ असावा, पण त्याच्यावर देखरेख करणारे सभासद करदात्यांनीं निवडावे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. श्रोत्यांना तें मुळींच रुचलें नाहीं.

१८७२ च्या कायद्यानें मात्र बव्हंशीं तीच वाट धरली. ६४ सभासदांपैकीं ३२ करदात्यांनीं निवडावयाचे ठरले. मताचा हक्क ठराविक कर भरणाऱ्यांपुरताच होता. सर्व प्रौढ नागरिकांपर्यंत तो पोंचण्यास १९४८ साल उजाडावें लागलें. तथापि आरंभ झाला तो येथेंच. नुसत्या संतापानें फार तर एक अधिकारी बदलतो. विचारण्याचा हक्क मात्र कायद्यांत लिहून घ्यावा लागतो.