मुक्या मुलाची रेघ



आचोळ्याहून नालासोपाऱ्याला यावे, डहाणूची गाडी धरावी आणि डहाणूला उतरून पूर्वेला डोंगरांकडे वळावे, म्हणजे गंजाड गाव लागते. तिथल्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा म्हसे राहत. त्यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. सात वर्षांचे असताना आई गेली आणि पोराने बोलणेच टाकले. काही सांगायचे झाले, की तो धुळीत चित्र काढून दाखवी. पुढे कित्येक वर्षे हे असेच चालले.

शिक्षकबंधूंनो, असा मुलगा आपल्या वर्गात असता, तर आपण त्याला काय म्हटले असते?

जिव्या म्हसे चित्रकलेच्या कुठल्याही शाळेत गेले नाहीत. पण म्हणून ते गुरूवाचून शिकले, असे मात्र म्हणता येत नाही. त्यांची शाळा म्हणजे पाड्यावरच्या भिंती, आणि गुरू म्हणजे पाड्यावरच्या बायका. वारल्यांच्या घरी लग्न निघाले, की सवाशिणी कुडाच्या भिंतीवर गेरू देत, तांदळाच्या पिठाने चौक काढीत. चौकात पालघट देवी बसे. धवलेरी गाणी म्हणे, तेव्हाच लग्न लागे. हे काम बायकांचे आणि तेही लग्नापुरते. जिव्याने ते रोजचे केले. एका पुरुषाने विधीवाचून चित्र काढावे, ही त्या समाजात नवलाचीच गोष्ट होती.

१९७० नंतरच्या काही वर्षांत हस्तकला मंडळातर्फे भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्यांनी कागद दिला, आणि ती रेघ भिंतीवरून उतरून कागदावर आली.

आता त्यांची रीत पाहा. शेणाने सारवलेले कापड घ्यायचे, त्यावर पांढरा रंग आणि बारीक काडी चालवायची. टोकाला टोक लावून दोन त्रिकोण मांडले, की माणूस झाला. तो नुसता उभा राहत नाही. तो पेरतो, धावतो, तारप्याच्या भोवती फेर धरतो. मासेमारीच्या चित्रात जाळे एवढे मोठे, की सारे कापड व्यापून टाकते. त्याचा एकेक धागा हाताने ओढलेला. पाहणाऱ्याला वाटावे, जाळे अजून हलते आहे. ज्याने शब्द टाकले होते, त्याने रेघेला चालायला लावले.

१९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. २०११ मध्ये ‘पद्मश्री’ आली. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

आज ही चित्रे साडीवर दिसतात, पेल्यावर दिसतात, हॉटेलाच्या भिंतीवरही दिसतात. यातून पाड्यावरच्या पुष्कळ तरुणांना रोजगार मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु चौकातली देवी आणि धवलेरीचे गाणे पेल्यावर येत नाही. म्हणून वर्गात मुलांकडून दोन त्रिकोण गिरवून घेताना, ते पहिल्यांदा कोणाच्या हातांनी आणि कशासाठी काढले, हेही त्यांना सांगा. आणि एखादे पोर बोलत नसेल, तर त्याच्या पाटीकडे जरा वाकून पाहा.