व्हरांड्यातले विद्यार्थी

अमेरिकेतील शाळांविषयीचे वाद वाचताना आम्हां रत्नागिरीकरांना दापोली आठवते. 'वेगळे, पण समान' हे तत्त्व तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली रेल्वेच्या डब्यांबाबत मान्य केले. शाळांपुरते ते मोडीत निघायला १९५४ उजाडले. मात्र तिथे शाळाच निराळी असे. दापोलीची तऱ्हा याहून सूक्ष्म होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात दापोलीतील महार पेन्शनरांनी आपली मुले नगरपालिकेच्या शाळेत घ्यावीत म्हणून अर्ज केले. गोपाळबाबा वलंगकरांसारखा लिहिता माणूस तेव्हा याच वस्तीत होता. सरकारी शाळा सर्वांना खुली, हे तत्त्व कंपनी सरकारने धारवाडच्या एका महार मुलाच्या अर्जानंतर १८५८ सालीच मान्य केले होते. स्थानिक सवर्णांचा विरोध तरीही कायम. मग तडजोड निघाली: मुलांनी व्हरांड्यात बसावे!

ही तडजोड नेमस्त वाटते, म्हणूनच आम्हांला ती अधिक खुपते. हजेरीपटावर नाव आहे, वर्गात जागा नाही. अहवालात मात्र प्रवेश दिल्याची नोंद होते. फळा दिसत असेल का, हा मास्तरी प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक शाळांतील मज्जाव उठवला. पुढच्याच वर्षी सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध झाले. त्यांना इथल्या शाळांत जी चळवळ करावी लागली, ती मुलांना सरमिसळ बसवण्याची होती.