गुदाशय राखणारे उपचार: परळ ते खारघर
1908 साली लंडनचे शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, कर्करोग गुदद्वारासह काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली. तिने अनेकांचे प्राण वाचवले, पण पोटावरची मलाची पिशवी जन्मभर गळ्यात पडली, आणि ही किंमत लहान नव्हती. 2004 मध्ये साओ पाउलोच्या शल्यविशारद अँजेलिता हाब्र-गामा यांनी किरणोपचार व केमोथेरपीने गाठ पूर्ण विरघळलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेविना, केवळ काटेकोर देखरेखीखाली ठेवल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. परळच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी या पद्धतीला ब्रेकीथेरपीची, म्हणजे गाठीलगत स्रोत नेऊन दिलेल्या किरणांची, जोड दिली. याच संस्थेचे संशोधन 2002 पासून नवी मुंबईत खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात चालते. मात्र बोटाने तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय ठरल्या वेळी करून घेणे ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी शस्त्रक्रिया टाळण्याचा हा मार्ग सुरक्षित नाही.