विटेनबर्ग ते अमळनेर : वसतिगृहाची परंपरा

'कॉलेज' हा शब्द उच्चारला की आज आपल्या डोळ्यांपुढे इमारत, प्रवेशअर्ज आणि गुणपत्रिका उभ्या राहतात. या शब्दाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. फ्रान्सचा राजा संत लुई याचा धर्मगुरू रॉबेर द सॉर्बाँ याने १२५७ साली पॅरिस येथे जे कॉलेज स्थापन केले, ते ईशज्ञानाच्या गरीब विद्यार्थ्यांना एकत्र राहता यावे म्हणून. जगद्विख्यात सॉर्बाँ विद्यापीठाचे मूळ असे एका वसतिगृहात आहे. प्रथम एकत्र निवास, एकत्र प्रार्थना व एकत्र भोजन, आणि त्यातून अध्ययन, असा हा क्रम होता. खानदेशातील आपल्या धर्मग्रामांनी ही परंपरा समजून घेणे आज अगत्याचे झाले आहे.

कॅथलिक युरोपात जन्मलेली ही परंपरा धर्मसुधारणेच्या वादळातही तुटली नाही. जर्मनीतील विटेनबर्ग विद्यापीठ १५०२ साली स्थापन झाले. मार्टिन ल्यूथर तेथे बायबलचा प्राध्यापक होता, आणि १५१८ साली एकवीस वर्षांचा मेलांख्टन ग्रीक भाषा शिकविण्यास तेथे आला. ल्यूथरची शिकवण आणि आपली श्रद्धा यांतील भेद सर्वांना ठाऊक आहेत. परंतु शिक्षणाविषयीची त्याची तळमळ नाकारण्याचे कारण नाही. १५२४ साली त्याने जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांना एक अनावृत पत्र लिहिले. रस्ते, पूल आणि तोफा यांवर नगरे दरसाल एवढा पैसा ओततात, तर गरीब मुलांसाठी एखाद-दुसरा शिक्षक नेमण्यास त्यांनी का कचरावे, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढे तो ज्या जुन्या मठात सहकुटुंब राहिला, तेथे विद्यार्थीही राहत असत. त्याची पत्नी काथरीना शेती, गुरे आणि स्वयंपाकघर सांभाळून हा मोठा प्रपंच चालवी. ल्यूथरची भोजनसमयीची संभाषणे म्हणून जो ग्रंथ प्रसिद्ध आहे, तो त्या पंक्तीला बसणाऱ्यांनी टिपून ठेवलेल्या बोलण्यातून सिद्ध झाला. जेवणाची पंगत ही तेथे एक शिकवणीच होती.

एकोणिसाव्या शतकात नॉर्वे व स्वीडन येथील गरीब शेतकरी अमेरिकेत स्थलांतरित झाले. नव्या भूमीत स्थिरस्थावर होण्यापूर्वीच त्यांनी विद्यालये काढली. नॉर्वेजियन वसाहतकऱ्यांचे ल्यूथर कॉलेज १८६१ सालचे, स्वीडिश मंडळींचे गुस्तावस अडॉल्फस १८६२ चे, तर मिनेसोटातील सेंट ओलाफ १८७४ चे. व्यवसायाचे शिक्षण देण्यापूर्वी भाषा, इतिहास, विज्ञान, संगीत आणि धर्म यांच्याद्वारे मनुष्य घडवावा, हा या विद्यालयांचा उद्देश होता. सेंट ओलाफचा नाताळ संगीतोत्सव १९१२ पासून चालत आलेला आहे. गुस्तावस अडॉल्फस येथे १९६५ साली नोबेल परिषद सुरू झाली आणि विद्यार्थ्यांना थोर शास्त्रज्ञांची व्याख्याने ऐकण्याची संधी मिळाली. १९३९ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळविणारे अर्नेस्ट लॉरेन्स यांनी महाविद्यालयीन शिक्षणाचा आरंभ सेंट ओलाफ येथेच केला होता. भारतातही अमेरिकन ल्यूथरपंथीयांनी १८८५ साली गुंटूर येथे महाविद्यालय काढले. ते पुढे आंध्र ख्रिश्चन कॉलेज या नावाने ओळखले गेले. पुढे आंध्रचे मुख्यमंत्री झालेले अभिनेते एन. टी. रामाराव हे तेथील माजी विद्यार्थी होत.

स्कँडिनेव्हियन वंशाचे प्रोटेस्टंट मिशनरी आपल्या पश्चिम खानदेशातही आले. त्यांचा भर भिल्ल बांधवांमध्ये सुवार्ता, शाळा आणि दवाखाने यांवर होता. उच्च विद्येचे केंद्र मात्र पूर्व खानदेशात, बोरी नदीच्या काठी अमळनेरला उभे राहिले, आणि ते उभारले एका गिरणीमालकाने. श्रीमंत प्रतापशेठ यांनी मुंबईचे शेठ वल्लभदास यांच्या साहाय्याने १९१६ साली तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. अद्वैत वेदान्ताचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या तुलनेने अभ्यास व्हावा हा त्यामागील हेतू होता. सिंधचे घनश्यामदास मलकानी यांनी अनेक वर्षे त्याची धुरा वाहिली. बंगालमधून कृष्णचंद्र भट्टाचार्य व रासविहारी दास आले, दक्षिणेतून टी. आर. व्ही. मूर्ती आले. येथून निघणारे 'फिलॉसॉफिकल क्वार्टरली' हे इंग्रजी त्रैमासिक देशातील विचारवंतांचे व्यासपीठ बनले. भट्टाचार्यांचा 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हा गाजलेला ग्रंथ १९३० साली अमळनेरहूनच प्रकाशित झाला.

ज्या कान्टचा व हेगेलचा भारतीय तत्त्वज्ञ त्या काळी कसून अभ्यास करीत होते, ते दोघेही ल्यूथरपंथीय संस्कारांत वाढलेले होते. हेगेल तर ट्यूबिंगेन येथील ल्यूथरपंथीय धर्मशिक्षणालयात शिकला. तेथील वसतिगृहात कवी होल्डरलिन आणि तत्त्वज्ञ शेलिंग हे त्याच्या खोलीतील सोबती होते. एका वसतिगृहाच्या खोलीतील विचारांचे पडसाद असे सातासमुद्रांपार, कापसाच्या मुलखातील अमळनेरपर्यंत पोहोचले.

याच तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी एक तरुण आला. पालगडचे पांडुरंग सदाशिव साने. १९२४ साली ते खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात शिक्षक झाले आणि वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. पुस्तकातील अद्वैत त्यांनी तेथे आचरणात आणले. आजारी मुलाची शुश्रूषा करावी, मुलांचे कपडे धुवावेत, अस्ताव्यस्त खोल्या स्वतः झाडून काढाव्यात, असा त्यांचा परिपाठ होता. रागावण्याचे काम ते आपल्या कृतीवर सोपवीत. मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालविले, आणि १९२८ साली 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. सहा वर्षांच्या त्या सहवासाने खानदेशातील मुलांच्या एका पिढीला सानेगुरुजी दिले आणि महाराष्ट्राला 'श्यामची आई'. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकाची मांडणी पाहावी. रात्री सोबती भोवती जमतात आणि श्याम आपली कथा सांगतो. ही रीत वसतिगृहातीलच आहे.

तत्पूर्वी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातही असेच घडले. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी सहबंदींपुढे गीतेवर प्रवचने केली आणि सानेगुरुजींनी ती लिहून घेतली. कोठडीत ना फळा होता, ना परीक्षा. तरीही एकत्र राहणाऱ्या माणसांनी त्या कारागृहाचे विद्यालय केले. विटेनबर्गच्या पंक्तीत जसे टिपण घेणारे होते, तसे ते धुळ्यातही होते.

यानंतर खानदेशात उच्च शिक्षणाचा विस्तार झाला. १९४५ साली अमळनेरला प्रताप महाविद्यालय आले. १९९० साली जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. निरक्षर असूनही जीवनाचे शास्त्र जाणणाऱ्या स्त्रीचे नाव विद्यापीठाला लाभावे, हे आपल्या मुलखाचे भाग्यच म्हणावे लागेल.

आता आपल्याकडे वळू या. भिल्ल, पावरा, मावची कुटुंबांतील पालक ऊसतोडीसाठी महिनोन्‌महिने गाव सोडतात. अशा वेळी मुलाने शिकावे की कोयता हाती घ्यावा, हे पुष्कळदा बोर्डिंगमध्ये जागा मिळते की नाही यावर ठरते. परंतु जागा मिळाली म्हणजे काम संपले, असे आपण समजू लागलो आहोत. बोर्डिंग म्हणजे दोन वेळचे जेवण आणि निजण्यापुरती वळकटी, एवढाच अर्थ उरला, तर सॉर्बाँ आणि सानेगुरुजी दोघेही आपल्याला परके झाले असे समजावे. व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या जाहीरनाम्यात मनुष्याच्या सर्वांगीण विकासाचा आग्रह धरला. तो आग्रह गुणपत्रिकेने पुरा होत नाही.

यासाठी फार मोठा निधी लागत नाही. रेक्टर नेमताना फुरसत कोणाला आहे हे न पाहता मुलांची माया कोणाला आहे हे पाहावे. सायंप्रार्थनेनंतर अर्धा तास गोष्टींसाठी राखून ठेवावा. एक कपाट पुस्तकांचे असावे आणि त्याची किल्ली मुलांकडे असावी. मुलांनी हस्तलिखित काढावे, गायनवृंद उभारावा. मुलींच्या वसतिगृहाला यात तसूभरही कमी मिळू नये. पालकांनी भेटीला येताना फीची पावती मागावीच, पण मुलगा काय वाचतो, कोणाबरोबर जेवतो, कोणाच्या आजारपणात जागतो, हेही विचारावे.

ल्यूथरपंथीय आणि कॅथलिक यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे नीतिमत्त्वाच्या सिद्धांताविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या. शतकांचे अंतर त्या दिवशी थोडे कमी झाले. जे चांगले आहे ते विभक्त बांधवांकडून आणि अमळनेरच्या हिंदू गुरुजींकडूनही कृतज्ञतेने घ्यावे. प्रभू येशूनेही आपल्या शिष्यांना प्रथम आपल्याबरोबर राहण्यासाठी बोलाविले आणि मग जगात पाठविले. आपल्या बोर्डिंगांच्या दारांवर हा क्रम कोरून ठेवण्याची गरज नाही, तो आत रोज पाळला जावा, एवढेच पुरे.