१ जुलै १८६५: मुंबईचे शेअरवेड

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांची गरज मुंबईने भागवली. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. इथपर्यंत भ्रम कसलाच नव्हता, हे आधी लक्षात घ्या. नफा खरा होता.

गडबड पुढे झाली. हा पैसा ओढायला नव्या बँका आणि समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या आसपास गेला, आणि जमीन तर अजून पाण्याखालीच होती! शेजाऱ्याने काय भाव दिला, एवढीच लोकांची तपासणी. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७४ मध्ये दाखवले की अनिश्चिततेत माणूस हिशेबापेक्षा ठोकताळ्यांवर चालतो: मन पहिल्या आकड्याला चिकटते आणि जे सहज आठवते ते वारंवार घडते असे वाटते. काल श्रीमंत झालेला ओळखीचा माणूस चटकन आठवतो. बुडालेला तोवर कोणी नव्हताच.

त्यात प्रेमचंद रायचंद या दलालाचा दबदबा. त्यांचा शब्द हेच तारण समजून बँक ऑफ बॉम्बेने कर्जे दिली. शेअरवर कर्ज, कर्जातून पुन्हा शेअर.

रायपूरला वर्गात हे सांगितले की एक प्रश्न हमखास येतो: युद्ध कधीतरी संपणार, हे त्यांना कळत नव्हते का? कळत होते. पण बरेच सौदे १ जुलै १८६५ च्या वायद्याचे होते, आणि त्याआधी आपण दुसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळे होऊ, असे जो तो धरून चालला होता. ९ एप्रिलला जनरल ली शरण आले. बातमी पोचली तसा कापूस कोसळला, वायद्याच्या दिवशी देणी फिटेनात, आणि १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली.

हे लोक आपल्याला मूर्ख वाटतात, कारण शेवट आपल्याला ठाऊक आहे. हाही निर्णयातला दोषच, पश्चातबुद्धीचा. इतिहास वाचणाऱ्याला तो फार लवकर जडतो. तेव्हा एप्रिल विसरा. मार्च १८६५ आहे, बॅक बेचा एक शेअर तुमच्या हातात आहे, शेजाऱ्याने कालच दुसरा घेतला आहे. विकाल का? कारणासह दहा ओळींत लिहा.