उन्हाळी भाजीपाल्याची रोपनिर्मिती (नांदेड व लातूर)

उन्हाळी भाजीपाल्याची रोपनिर्मिती म्हणजे टोमॅटो, मिरची, वांगी आणि काकडीवर्गीय वेलभाज्यांचे बी हिवाळ्याच्या अखेरीस आच्छादनाखाली पेरून, तयार रोपांची जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत मुख्य शेतात लागवड करण्याची पद्धत होय. थंड देशांत हिमतुषारांपासून बचाव म्हणून घरात रोपे वाढवली जातात. मराठवाड्यात मात्र घाई असते ती उन्हाच्या आणि विहिरीच्या तळाच्या आधी पीक हाती घेण्याची.

== पार्श्वभूमी ==
लातूर बालाघाटच्या पठारावर, तर नांदेड गोदावरीच्या काठी सखल भागात वसलेले आहे. दोन्ही जिल्ह्यांत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असतात. उघड्यावर पेरलेले मिरचीचे किंवा कारल्याचे बी या दिवसांत उगवण्यास बराच वेळ घेते आणि पुष्कळदा जमिनीतच कुजते. थंडी ओसरेपर्यंत थांबून पेरणी केल्यास फुलोरा एप्रिल-मेच्या कडक उन्हात सापडतो. पारा ४० अंश सेल्सिअसजवळ गेला की टोमॅटोची फुले गळतात व फळधारणा होत नाही. आच्छादनाखाली वाढवलेल्या रोपामुळे वाचणारे चार-पाच आठवडे म्हणूनच निर्णायक ठरतात.

दुसरे कारण पाण्याचे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, इतकी टंचाई या भागाने पाहिली आहे. एका एकरावर सुमारे साडेसात हजार टोमॅटोची रोपे बसतात. मरतूक धरून ९८ कप्प्यांचे ८५ ट्रे केले, तरी ते १२-१३ चौरस मीटर जागेत मावतात. महिनाभर एकरभर रान भिजवण्याऐवजी एवढ्याच जागेला झारीने पाणी देणे अल्पभूधारकालाही परवडते.

== पद्धती ==
पारंपरिक पद्धतीत गादीवाफे केले जातात. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच वाफा सर्वसाधारण मानला जातो. काळ्या जमिनीत ही उंची टाळता येत नाही, कारण ती पाणी धरून ठेवते व वाळली की भेगाळते. सपाट वाफ्यातील रोपे उपटताना मुळे तुटतात. वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळून बी ओळींत, उथळ पेरतात. फेकून पेरलेले बी दाट उगवते, रोपे उंच पण किरकोळ होतात, आणि नवख्या शेतकऱ्याला हीच उंची जोमाची खूण वाटते.

प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट भरून प्रत्येक कप्प्यात एक बी टाकले जाते. पेरलेले ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लॅस्टिकने झाकतात, त्यामुळे ऊब व ओल टिकते. टोमॅटोचे कोंब चार-पाच दिवसांत दिसू लागतात. मिरचीला आठवडा किंवा त्याहून अधिक लागतो. पहिले कोंब दिसताच झाकण काढून ट्रे शेडनेटखाली मांडावे लागतात. यात एका दिवसाचा उशीरही रोपे पिवळी व लांबट करतो.

काकडी, दोडका, कारले व भोपळा यांच्या मुळांना धक्का सोसत नाही. त्यांचे बी रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून उबदार जागी ठेवतात व मोड येताच छोट्या पिशव्यांत लावतात. लागवडीच्या वेळी पिशवी फाडून मातीच्या गड्ड्यासह रोप लावले जाते.

== रोग व कीड ==
रोपे जमिनीलगत मऊ पडून कोलमडणे, म्हणजे मर, हा रोपवाटिकेतील सर्वांत नुकसानकारक रोग आहे. पिथियम व रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींमुळे तो होतो. दाट पेरणी व साचलेले पाणी त्याला पोषक ठरतात. ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया, सकाळी पाणी देणे व निचरा हे प्रतिबंधाचे उपाय आहेत. रोग दिसल्यावरची फवारणी उभी रोपे वाचवते, कोलमडलेली नाही.

टोमॅटोवरील पर्णगुच्छ विषाणू पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. मिरचीतील बोकड्याला काही वेळा विषाणू, तर काही वेळा फुलकिडे व कोळी कारणीभूत असतात. विषाणूची लागण रोपावस्थेत झाली, तरी लक्षणे अनेकदा लागवडीनंतर उमटतात आणि तोवर ठिबक, आच्छादन व मजुरी यांवर खर्च होऊन गेलेला असतो. त्यामुळे बारीक छिद्रांची कीडरोधक जाळी हा रोपवाटिकेतील सर्वांत मोलाचा खर्च ठरतो; साधे शेडनेट सावली देते, पांढरी माशी अडवत नाही.

== लागवड ==
टोमॅटोची रोपे २५ ते ३० दिवसांत, तर मिरची व वांग्याची पाच-सहा आठवड्यांत तयार होतात. शेवटचा आठवडाभर पाणी कमी करून सावली हळूहळू काढली जाते, त्यामुळे रोपे कणखर बनतात. लागवड दुपारनंतर, ऊन उतरल्यावर करतात.

== योजना व नियमन ==
महाराष्ट्र शासनाने २०२०-२१ मध्ये भाजीपाल्यासाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना सुरू केली. तीत शेडनेटगृह, पॉलिटनेल, फवारणी यंत्र व क्रेट यांसाठी ५० टक्के अनुदानाची तरतूद आहे. राज्याचा १९६९ चा रोपवाटिका नियमन कायदा फळझाडांसाठी आहे. केंद्राच्या बियाणे अधिनियम, १९६६ मधील ‘बियाणे’ या संज्ञेत मात्र अन्नपिकांच्या रोपांचाही समावेश होतो. विकत घेतलेली रोपे सदोष निघाल्यास पक्की पावती आणि बियाण्याच्या पाकिटावरील लॉट क्रमांक हेच शेतकऱ्याच्या हाती राहणारे मुख्य पुरावे असतात.